परत आलेल्यांबद्दलचं पत्र

वाघा सरहद्दीवरून सुटून आलेल्या खलाशांत विनोद आहे, हे बुधीला तिच्या दुसऱ्या नवऱ्यानंच सांगितलं. धीरज कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता. त्यानं बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभा राहून त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला.

"हा बघ. डावीकडून तिसरा."

फोटोत माणसं गळ्यात झेंडूचे हार घालून बसमध्ये बसली होती. बुधीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण डाव्या भुवईवरची जुनी खोक तशीच होती.

"विनोद हाय," ती म्हणाली.

धीरज खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. नाडीची गाठ त्याला सुटेना.

नऊ वर्षांपूर्वी विनोद गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. मनोरच्या वाटेवरच्या त्यांच्या पाड्यावर पावसाचं भात निघालं की पुरुष कामाला बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बोटीवर. त्या वर्षी वादळ झालं. किनाऱ्याला फळ्या लागल्या आणि दोन प्रेतं लागली. सातांपैकी कुणी वाचलं नाही, असं बोटीच्या मालकानं कळवलं. तेव्हा त्यांची दीपिका एक वर्षाची होती. पलीकडच्या तुरुंगांतल्या मच्छीमारांच्या याद्या दर सहा महिन्यांनी यायच्या. त्यांच्या चर्चमधले त्या वेळचे फादर त्या वाचून बघायचे. विनोद लक्ष्मण हे नाव कधीच आलं नाही. 'बिनोद लखमन, गुजरात' असं एक नाव होतं. पण वादळात हद्दीपलीकडं वाहून जाऊन पकडला गेलेला तो हाच, हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

बुधी सहा वर्षं थांबली. बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिथं जाता-येता धीरजची ओळख झाली. तो त्याच चर्चचा, चाळिशीला आलेला, बिनलग्नाचा. दोघांनी काही लपूनछपून केलं नाही. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, न्यायमंडळापुढं बुधीनं अर्ज केला, मालकाचा जबाब गेला, साक्षी झाल्या, आणि विनोदला मृत मानावं असा कागद आला. मग चर्चमध्ये लग्न लागलं. विनोदची आई लाडकी स्वतः पाड्यावरून आली होती. तिनं बुधीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं आयुष हाय अजून." धीरजपासून झालेली धाकटी आता दोन वर्षांची होती.

विनोद पाड्यावर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी बुधी दीपिकाला घेऊन गेली. धीरजही बरोबर आला, पण विहिरीपाशी थांबला.

विनोद अंगणात, उन्हात बसला होता. घरात बसवत नाही, असं लाडकी म्हणाली. छपराखाली आला की त्याला घाम फुटतो. बुधीला बघून तो उभा राहिला. तिला वाटलं तो काही बोलेल, रागावेल तरी. तो दीपिकाकडं बघत राहिला.

"एवडीशी व्हती," तो म्हणाला आणि हाताचं माप दाखवलं.

दीपिका आईच्या मागं सरकली.

"आयनं सांगितलं मला सगळं," विनोद म्हणाला. "तो विहिरीकडं हाय तोच का?"

"तोच."

"उन्हात कशाला उभा केलास त्याला? बोलाव."

धीरज आला. दोघं पुरुष एकमेकांसमोर बसले. लाडकीनं बिनदुधाचा चहा केला. सगळ्यांनी तो प्याला. निघताना लाडकी बुधीला कुडाच्या आड घेऊन गेली आणि तिचं मनगट धरून हळूच म्हणाली, "आता तू कंदी येनार? तुजा नवरा आला हाय." लग्नाच्या दिवशी डोक्यावर ठेवलेला तोच हात होता. बुधीला मनगट सोडवून घेता येईना.

फादर मनीष यांनी तिला निरोप पाठवला तो त्याच आठवड्यात. हे फादर वसईकडचे, पंचेचाळीस वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी इथं आलेले. रोमला चर्चच्या कायद्याचा अभ्यास करून आले होते. त्यांच्या कचेरीत देवाच्या तसबिरीखाली जाड फायली होत्या आणि त्यांत जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स.

बुधी आणि धीरज दोघंही गेले. फादरांनी खुर्च्या दिल्या, पंखा लावला, पाणी दिलं. मग बराच वेळ ते टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"धीरज, तुझा काही दोष नाही. बुधी, तुझाही नाही. धाकटीवर कसलाही डाग नाही. हे आधी ऐकून घ्या."

"आनि मग?" धीरज म्हणाला.

"विनोद जिवंत आहे. म्हणजे चर्चमध्ये लागलेलं पहिलं लग्न कधी मोडलंच नव्हतं. तुमचं लागलं ते..." त्यांनी कागद पुन्हा सरळ केला. "ते लागलंच नाही, असं चर्च म्हणतं."

बुधीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तीन वर्सं झाली, फादर. तुमच्याच रजिस्टरात सही हाय माझी."

"हो. आहे."

"हा नियम कुनी केला?"

धीरजनं तिच्याकडं पाहिलं. फादरांना असा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. पण फादर रागावले नाहीत. उलट त्यांनी खाली वाकून एक फाइल काढली. बुधीला दिसलं की त्या फायलीचे कोपरे हाताळून हाताळून मऊ पडले होते.

"साडेपंधराशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "इटलीच्या उत्तरेला एक शहर होतं. हूणांच्या टोळ्यांनी तिथले पुरुष धरून नेले. बायकांना वाटलं मेले, किंवा आता काही सुटत नाहीत. एकट्या पडल्या, म्हणून त्यांनी दुसरी लग्नं केली. पुढं काही पुरुष परत आले. तिथल्या बिशपला सुचेना काय करावं. त्यानं रोमला पोप लिओंना पत्र लिहून विचारलं. हे त्यांचं उत्तर."

"एका बिशपला लिवलेलं," बुधी म्हणाली.

"एकालाच. पण पुढं पन्नासेक वर्षांनी रोममध्ये परदेशातून आलेला एक साधू होता. त्यानं अशी पोपांची पत्रं गोळा केली, एकापुढं एक लावली, वही केली. त्या वहीच्या नकला झाल्या. दुसऱ्या देशांत दुसऱ्यांनी आपापल्या वह्या केल्या. कुठं असाच पेच पडला की लोक वही उघडायचे. अमक्या बिशपला लिहिलेलं उत्तर मग सगळ्यांनाच लागू झालं. आपला कायदा असाच झालाय, बुधी. कुणाची तरी अडचण, त्यावर आलेलं उत्तर, आणि ते जपून ठेवणारा कुणीतरी." बोलता बोलता त्यांचा आवाज जरा चढला होता. त्यांनी तो खाली आणला. "मी तीन वर्षं ह्या वह्यांवर काढली. फार आवडायचं मला हे काम. पण त्या पत्रातली बाई कधी समोर येऊन बसेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं."

"वाचा," बुधी म्हणाली.

फादर लॅटिनवर बोट ठेवून मराठीत सांगत गेले. दुसऱ्या नवऱ्याला दोषी धरू नये, त्यानं कुणाचं हिसकावलेलं नाही. पण जसं कैदेत गेलेल्या माणसाचं शेत, घर, गुलाम तो परत आल्यावर त्याला परत मिळतात, तसं लग्नही ज्याचं त्याला परत मिळावं.

"शेतासारखं," बुधी म्हणाली.

"तसं लिहिलंय."

"शेताला कुनी इचारत नाय, फादर."

फादरांनी पान उलटलं. परत आलेल्या पुरुषांचं बायकांवर प्रेम असेल आणि त्यांना त्या हव्या असतील, तर बायकांनी जावं. ज्या जाणार नाहीत त्यांना कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद, मिळू नये.

"कुनी बाईनं लिवलं व्हतं का त्या पोपला?"

"ह्या वेळी नाही. चाळीसेक वर्षं आधी एक होती. उर्सा तिचं नाव. तिलाच धरून नेलं होतं. ती सुटून आली तर नवऱ्यानं दुसरी केलेली. ती स्वतः पोपकडं गेली. तेव्हाच्या पोपनं लिहून दिलं, तुझंच लग्न खरं."

"मग ती दुसरी बाई कुठं गेली?"

फादरांनी झेरॉक्स चाळली, जणू तिथं सापडेल. "तिचं नाव आहे. पुढचं काही लिहिलेलं नाही."

बुधीनं शेजारी बसलेल्या धीरजकडं पाहिलं. तो पंख्याकडं बघत होता.

बाहेर पडण्याआधी फादरांनी एक वाट सांगितली. पहिलं लग्नच मुळात खरं नव्हतं, हे सिद्ध झालं तर गाठ सुटते. त्यासाठी अर्ज करावा लागतो, प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. दुसऱ्या दिवशी बुधी एकटी गेली आणि फादर लिहायला बसले.

"लग्न झालं तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. बापानं जबरदस्ती केली?"

"नाय. बा बोलला, पोरगा बघ. मी बोलले, बघितला हाय."

"आधी बघितला होतास?"

"तारप्याच्या नाचात. मीच त्याच्या बाजूला जाऊन हात धरला व्हता."

फादरांनी पेन खाली ठेवलं. "बुधी, नीट आठव. तेव्हा तुला लग्न म्हणजे काय हे पुरतं कळत नव्हतं, असं झालं असेल. पोटापाण्याची भीती असेल. घरचा धाक असेल. असं काही असेल तर मला लिहिता येईल."

ते तिला सुटायची वाट दाखवत होते, हे तिला समजलं. एक शब्द बोलायचा होता. धाक होता. एवढंच. मग वर्ष, दोन वर्षं लागतील, पण ती आणि धीरज आणि पोरी त्याच खोलीत राहतील, आणि कुणी बोट दाखवणार नाही. तिनं तोंड उघडलंसुद्धा. तिच्या डोळ्यांपुढं तो अंगणात उन्हात बसलेला माणूस आला, नऊ वर्षं काढून आलेला. त्याच्यासमोर हा कागद जाईल. त्यात लिहिलेलं असेल की ती कधी त्याची नव्हतीच.

"कळत व्हतं, फादर," ती म्हणाली. "सगळं कळत व्हतं."

फादरांनी कागद फाइलमध्ये घातला. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून बुधीला खोली लहान वाटायला लागली. खोली तीच होती, बारा बाय दहाची. धीरज जमिनीवर भिंतीला लागून झोपायला लागला. तिनं सांगितलं नव्हतं, त्यानंही काही म्हटलं नाही. शेजारच्या गोजराबाई सोलापूरकडच्या, हिंदू. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, कोर्टात जा की, काडीमोड घे, मोकळी हो." बुधीनं समजावायचा प्रयत्न केला की कोर्टानं सोडलं तरी चर्च सोडत नाही. गोजराबाईंना ते पटलं नाही. पाड्यावरून निरोप येतच होते. धीरजची बहीण येऊन भावाला सांगून गेली, "तुला मोकळा केलाय ना फादरनी? मग दुसरी बघू." तिघांत मोकळा एकटा तोच होता. त्या मोकळेपणाचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

महिन्याभरानं विनोदच्या कागदांसाठी तिला कोळगावला जावं लागलं. रेशनकार्डावरून, मतदारयादीतून त्याचं नाव गेलं होतं. तो जिवंत आहे, हे जवळच्या नातलगानं लिहून द्यायचं होतं. लाडकीला सही येत नव्हती आणि तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. जिल्हा कचेरीच्या मोठ्या इमारतीत टेबलामागच्या बाईंनी अर्ज पुढं सरकवला.

"नातं?"

बुधीनं विनोदकडं पाहिलं. तो खिडकीला पाठ लावून उभा होता, बाहेरची हवा लागेल अशा जागी.

"बायको," ती म्हणाली आणि सही केली.

"राहायला एकत्रच ना?"

"नाय."

बाईंनी वर पाहिलं, काहीतरी विचारायला गेल्या, आणि मग शिक्का मारला.

बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर दोघं बसले. विनोदनं डब्यातली भाकरी काढून अर्धी तिला दिली. लग्नानंतर ते पहिल्यांदाच असे दोघंच बसले होते असं तिला वाटलं. मग आठवलं, तसं नाही, आधीही बसायचे. ती विसरली होती.

"तीन चिठ्ठ्या धाडल्या मी," तो म्हणाला. "जामनगरचा एक व्हता तिकडं, तो लिवायचा. पत्ता मी सांगायचा. मनोर त्याला ठावं नव्हतं, तो काय लिवायचा देव जानं."

"नाय आल्या."

"त्ये कळलं मला."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "फादर आलेले पाड्यावर. मला बोलले, तू एक लिवून दे. मला ती नको म्हनून. मग तिला कुनी बोलावनार नाय, तिच्यावरचा भार कमी व्हईल."

"मग?" बुधी म्हणाली.

"त्या पोपनं तसं लिवलंय म्हनं. ज्याला हवी असंल त्याला." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मी लय इचार केला, बुधी. दोन दिस. पेन घेऊन बसलो. मग फादरला बोललो, हे खोटं व्हईल."

तिला रडू आलं, आणि ते कशाचं, हे तिला सांगता आलं नसतं.

"पन मी तुला आनायला येनार नाय," विनोद म्हणाला. "आय काय बी बोलू दे. नऊ वर्सं मला कुनीतरी कोंडून ठेवलं व्हतं. मी दुसऱ्याला नाय कोंडनार."

"तू सोडलंस तरी सुटत नाय रे मी," बुधी म्हणाली. "तसंच हाय ते."

"ठावं हाय. फादर बोलले."

गाडी येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.

त्या रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर बुधीनं फादरांना सांगितलं, "मला बिशपला पत्र लिवायचं हाय. मी सांगते, तुमी लिवा. त्या उर्सानं केलं तसं."

फादर मनीष लिहायला बसले. तिनं सगळं सांगितलं. बोट, याद्या, सहा वर्षं, न्यायमंडळाचा कागद, लग्न, पोरी. विनोद चांगला माणूस आहे आणि धीरजही चांगला माणूस आहे. पहिलं लग्न खोटं होतं असं मी म्हणणार नाही, आणि दुसरं झालंच नाही असंही म्हणता येत नाही, कारण धाकटी रोज सकाळी मला हाक मारते. मी कम्युनियन मागत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की जुन्या पत्रात पुरुषाला काय हवं ते विचारलंय, बाईला काय हवं ते कुठल्या पत्रात विचारलंय? असलं तर मला दाखवा. फादरांनी एकही शब्द बदलला नाही. शेवटी तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

उत्तर यायला पाच महिने लागले. दोन पानांचं होतं. तिच्या सहनशीलतेबद्दल आणि खरेपणाबद्दल त्यात चार चांगल्या ओळी होत्या. तिला विनोदच्या घरी राहायला कुणीही भाग पाडू नये, घरच्यांनीही नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण पहिली गाठ कायम आहे. धीरजशी झालेला विधी लग्न नव्हे. त्याच्याबरोबर नवरा-बायको म्हणून राहील तोवर तिनं कम्युनियनला येऊ नये. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. फादरांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"ह्याची एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात राहील," ते म्हणाले. "तुझ्या पत्राचीही. उद्या कुणी दुसरी आली तर ते हेच काढून बघतील."

"तिला तरी काय मिळनार त्यातनं?"

"तिला कुणी जबरदस्तीनं धाडणार नाही. ते तू मिळवलंयस."

बुधीनं पत्राची घडी घातली. लाडकीला ती ओळ वाचून दाखवायला ती स्वतःच पाड्यावर गेली. लाडकीनं ऐकलं, बराच वेळ चुलीतलं लाकूड आत-बाहेर केलं, आणि म्हणाली, "बिशप बोलला म्हंजे झालं." त्यानंतर निरोप यायचे थांबले.

घरी आल्यावर बुधीनं धीरजला सांगितलं, "मी इथंच राहनार. तुला जायचं असंल तर जा. तुला वाट हाय."

"मी कुठं जानार?" धीरज म्हणाला. त्यानं भिंतीकडचं अंथरूण उचललं आणि पुन्हा जुन्या जागी टाकलं.

आता रविवारी ती चर्चला जाते, मागून तिसऱ्या बाकावर बसते. कम्युनियनची वेळ झाली की बाकावरच्या बायका उठतात. तिला पाय बाजूला घ्यावे लागतात, त्यांच्या साड्यांचे काठ तिच्या गुडघ्यांना घासून जातात. काही जणी खाली बघतात, काही जणी तिच्याकडं बघतात. धीरजही उठत नाही. दीपिका यंदापासून कम्युनियनच्या रांगेत जाऊ लागली आहे. ती परत येते तेव्हा आईकडं न बघता हात जोडून बसते, कारण आईकडं बघितलं की तिला काहीतरी होतं. विनोद पुरुषांच्या बाजूला, दाराजवळच्या बाकावर बसतो, दार उघडं असेल तिथं. तो रांगेत जातो, हात पुढं करतो, जागेवर येऊन डोळे मिटतो. त्याला मिळतं, तिला नाही. याबद्दल तिला त्याचा राग येत नाही. कधी कधी येतो.

मिस्सा सुटली की तो फाटकाबाहेर दीपिकाची वाट बघत थांबतो. दर रविवारी तो तिला पाड्यावर नेतो. सुरुवातीला ती रडायची, आता स्वतःच चप्पल घालून पुढं होते.

"सांजच्याला आनून सोड," बुधी म्हणते.

"सोडतो," विनोद म्हणतो.

ती दोघं रस्त्याला लागतात. बुधी धाकटीला कडेवर घेते आणि धीरज सायकल काढेपर्यंत चर्चच्या भिंतीच्या सावलीत उभी राहते.